यूव्ही लाइट घेताय? आधी आकडा बघा

हिंगोलीत दसऱ्याला रामलीला मैदान गजबजतं, मग शाळांची स्नेहसंमेलनं येतात. अंधारात चमकणाऱ्या डान्ससाठी यूव्ही लाइट भाड्याने द्यायचा विचार असेल, तर आधी नॅनोमीटरचा आकडा वाचा. 395 वाला स्वस्त, पण स्टेजभर जांभळा उजेड पाडतो. 365 वाला, काळ्या फिल्टर काचेचा, महाग. पण दिवा जेमतेम दिसतो, निऑन रंगच चमकतात. सुरुवातीला 395 चालेल. मात्र शेजारी हॅलोजन लागला की पैसे पाण्यात!

254 ची जंतुनाशक ट्यूब फुकट मिळाली तरी नको. तिने डोळे आणि कातडी भाजते, आणि स्टेजवर लेकरं असतात. 365 सुद्धा उंचावरच लावा.

दुकानात जाताना डिटर्जंटने धुतलेला पांढरा शर्ट न्या. शटर ओढायला सांगा आणि तिथंच लावून बघा.