पाच डोसांची बाटली

सिस्टरनी आइसपॅक कानाशी धरून हलवला. आत पाणी खळखळलं. "असं वाजायला हवं. नुसता दगड असला तर पेंटा लसीची बाटली गोठते, मग ती टोचून काय उपयोग?" लसीला उकाडा सोसत नाही हे ठाऊक होतं, पेंटाला गारठाही सोसत नाही, हे उपकेंद्राच्या व्हरांड्यात कळलं. तिचं घर दोन ते आठ अंशांचं. बाटलीवरच्या वर्तुळात एक फिकट चौकोन असतो. उष्णता लागेल तसा तो गडद होत जातो. वर्तुळाच्या रंगाला भिडला की बाटली बाद.

राज्यघटनेप्रमाणे आरोग्य हा राज्याचा विषय. उपकेंद्र राज्याचं, सिस्टर राज्याच्या. या बाटल्या मात्र केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खरेदी करून धाडलेल्या. कोणती लस कितव्या आठवड्यात, हेही 1985 पासूनच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात तिथूनच ठरतं. पेंटा डाव्या मांडीत, गोवर-रुबेला उजव्या दंडात. दिल्लीतला कागद इथे बाळाच्या दंडापर्यंत पोचलेला असतो.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी नऊ महिन्यांची एक मुलगी आली. गोवर-रुबेलाची बाटली पाच डोसांची. पावडरीत द्रावण मिसळलं की चार तासांत संपवायची, उरलेली टाकायची. पेंटाची उघडलेली बाटली नियमांत बसली तर पुढच्या सत्रालाही चालते, हिची नाही. मला वाटलं, आणखी चौघं येईपर्यंत थांबतील. सिस्टरनी तोवर बाटली फोडून तिच्यावर पेनाने वेळही लिहिली होती.

"एका पोरीसाठी?"

"एक आलं तरी फोडायची, वरून तसंच सांगितलंय. परत पाठवलं तर ही पुन्हा कधी यायची? मजुरी बुडवून आलीय आई."

सरकारी दप्तरात नासाडीला इतकी शहाणी परवानगी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मुलगी किंचाळली. सुई कटरमध्ये गेली. आईला चार गोष्टी सांगून झाल्या: आज काय दिलं, ताप आला तर काय करायचं, पुढची तारीख, कार्ड जपून ठेवायचं. "आणि अर्धा तास इथेच बस गं, लगेच निघू नकोस."

आशाताई तेवढ्यात वीटभट्टीकडे निघाल्या होत्या. दोनच्या सुमारास एक पोर कडेवर घेऊन आल्या, मागे त्याची आई. कार्ड नव्हतं, नवं लिहिलं.

तीन चाळीसला सिस्टरनी घड्याळ पाहिलं. बाटलीत अजून तीन डोस होते. त्यांनी ती उचलून बाजूला टाकली आणि रजिस्टर ओढलं.