थर्माकोलचा गोळा : २ टक्के प्लास्टिक, बाकी सगळी हवा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा सीझन आला की पलूसच्या स्टेशनरी दुकानांत एकच मागणी असते, 'काका, सूर्यमालेचे गोळे द्या.' म्हणून आजचा एपिसोड या गोळ्यावर. तो कशाचा बनतो, कशाने बिघडतो आणि तो घ्यायचाच का, हे सगळं बघूया.

आधी नाव. आपण ज्याला थर्माकोल म्हणतो ते रसायनशास्त्रात एक्सपांडेड पॉलिस्टायरीन, म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. कारखान्यात ते साखरेच्या दाण्यांएवढं बारीक येतं आणि प्रत्येक दाण्यात पेंटेन नावाचं द्रव्य कोंडलेलं असतं. वाफ दिली की प्लास्टिक मऊ पडतं, पेंटेनचा वायू होतो आणि दाणा लाहीसारखा फुगतो. आकारमान सहज चाळीसपट होतं. मग हे फुगलेले दाणे साच्यात भरून पुन्हा वाफ दिली की ते एकमेकांना चिकटतात. झाला गोळा तयार.

आता हिशोब करू. १० सेंटीमीटर व्यासाच्या गोळ्याचं आकारमान साधारण ५२३ घनसेंटीमीटर भरतं. हलक्या थर्माकोलचं वजन लिटरला २० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अख्खा गोळा १० ग्रॅमचा. तेवढाच गोळा भरीव पॉलिस्टायरीनचा केला तर तो साडेपाचशे ग्रॅमच्या घरात जाईल. थोडक्यात, तुम्ही पैसे देऊन २ टक्के प्लास्टिक आणि ९८ टक्के हवा घरी आणता!

एवढं लक्षात ठेवलं की क्राफ्टचे सगळे नियम आपोआप कळतात.

स्प्रे पेंट मारला की गोळ्याला खड्डे का पडतात? तो उष्णतेने वितळत नाही, विरघळतो. स्प्रेमधलं सॉल्व्हंट, थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन हे सगळे पॉलिस्टायरीन विरघळवतात. पेशींच्या भिंती कागदापेक्षा पातळ असतात. त्या कोसळल्या की हवा निघून जाते आणि हाताला चिकट थेंब उरतो. म्हणून रंग पाण्यातलाच घ्या, पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक. चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल चालतो, फक्त रात्रभर थांबायची तयारी ठेवा. सॉल्व्हंटचा उग्र वास येणारा गम लांब ठेवा. रंगवताना गोळ्यात टूथपिक खुपसून ती बटाट्यात रोवा, म्हणजे बोटांचे ठसे उठत नाहीत.

चाकूने कापलं की भुगा का उडतो? कारण चाकू दाण्यांमधला जोड तोडतो. शिवाय घासल्यामुळे स्थिर विद्युतभार येतो आणि तो भुगा शर्टाला चिकटून बसतो. तापलेल्या तारेने काप स्वच्छ येतो, कारण १०० अंशांच्या आसपास हे प्लास्टिक मऊ पडतं. पण हे काम मोठ्या माणसाने, दारं-खिडक्या उघड्या ठेवून करायचं. तो धूर छातीत जाऊ द्यायचा नाही.

हाच गुणधर्म मोठे लोक कामाला लावतात. आपल्या शेजारी किर्लोस्करवाडी आहे, त्यामुळे ओतकाम म्हणजे काय हे इथे कुणाला सांगायला नको. ओतकामात 'लॉस्ट फोम' नावाची पद्धत आहे. हव्या त्या भागाचा नमुना थर्माकोलचा करायचा, वाळूत पुरायचा आणि वरून वितळलेला धातू ओतायचा. थर्माकोल वाफ होऊन जातो आणि त्याची जागा धातू घेतो. अमेरिकेत श्रॉयर यांना याचं पेटंट १९५८ मध्ये मिळालं.

आता मुद्द्याचं. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या ताटवाट्या आणि सजावटीचा थर्माकोल बंद केला. गणपतीच्या मखरासाठी सूट मागितली गेली, ती उच्च न्यायालयाने दिली नाही. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे. कारण तेच, ९८ टक्के हवा. भंगारवाला किलोवर पैसे देतो आणि पोतंभर थर्माकोल किलोभरही भरत नाही, मग नेणार कोण? तो ओढ्यात जातो, ओढ्यातून कृष्णेत. तिथे त्याचे दाणे सुटे होतात, आणि सुटे दाणे कुणी वेचू शकत नाही.

मग सूर्यमाला करायची कशी? आपल्या गावात माल भरपूर आहे की! पृथ्वी म्हणून १६ मिलिमीटरचा द्राक्षाचा मणी घ्या. चंद्र म्हणजे ज्वारीचा एक टपोरा दाणा, मण्यापासून ४८ सेंटीमीटरवर. गुरू साडेसतरा सेंटीमीटरचा. तो फुग्यावर जुने पेपर आणि खळ यांचे थर देऊन होतो. सूर्य मात्र पावणेदोन मीटरचा लागेल, म्हणून तो भिंतीवर खडूने काढा. आणि पृथ्वी त्याच्यापासून १८८ मीटर लांब ठेवा. शाळेचं मैदान संपेल, पण अंतराळ किती रिकामं आहे हे पोरांना पायाने चालून कळेल. टेबलावर ओळीत मांडलेले नऊ गोळे ते कधीच सांगत नाहीत.

घरात टीव्हीच्या पॅकिंगचा थर्माकोल पडून असेल तर तो जरूर वापरा, फक्त प्रदर्शन झाल्यावर जपून ठेवा, पुढच्या वर्षीच्या पोरांना द्या. जाळू नका, काळा विषारी धूर होतो.

तुमच्या शाळेत अशी सूर्यमाला केलीत तर व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटूया!