आपत्काळातील संदेशवहन आणि आपण डॉक्टर

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छमध्ये भूकंप झाला. भूजचे शासकीय रुग्णालय कोसळले, दूरध्वनी बंद पडले. जखमींना कोठे न्यावे, औषधे कोणत्या गावी हवीत, हे कळण्याचे नेहमीचे मार्गच खुंटले. अशा वेळी हौशी रेडिओचालक, म्हणजेच 'हॅम', आपले संच घेऊन निरोप पोहोचविण्यासाठी पुढे आले.

या क्षेत्रात आपल्या हैदराबादचे स्थान मोठे आहे. येथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमेच्युअर रेडिओ ही संस्था १९८३ साली स्थापन झाली. डिसेंबर २००४ मध्ये या संस्थेच्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअर येथे होत्या. अंदमानातून जगभरच्या हौशी रेडिओचालकांशी संपर्क साधावा, एवढाच मोहिमेचा हेतू होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि छंदासाठी नेलेला संच मदतकार्यास लागला. बेटांवरील खुशालीचे निरोप मुख्य भूमीवरील नातेवाइकांना त्यावरून कळू लागले.

येथे संचाइतकेच महत्त्व तो चालविणाऱ्या सरावलेल्या माणसाला होते. हौशी रेडिओचा परवाना परीक्षा दिल्यावाचून मिळत नाही, आणि तो घेतल्यावरही रोजचा सराव लागतो. आपण डॉक्टर मंडळी मात्र उपकरण विकत घेतले की तयारी झाली, असे मानतो. मोबाईल मनोऱ्याच्या आधाराने चालतो आणि मनोरा विजेच्या. वीज गेली, मनोऱ्याची बॅटरी उतरली, की हातातले यंत्र मुके होते.

रेडिओवर बोलण्याची शिस्त वेगळी असते. एका वेळी एकानेच बोलायचे. कळ दाबून क्षणभर थांबायचे, नाहीतर पहिला शब्द तुटतो. तो शब्द 'नको' असेल, तर अर्थ नेमका उलटा होतो. खरखरीत 'सात', 'साठ' आणि 'आठ' सारखेच ऐकू येतात. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांचेही तसेच. म्हणून आकडे सुटे सांगायचे : साठ म्हणजे 'सहा-शून्य'. ऐकणाऱ्याने संपूर्ण निरोप परत वाचून दाखवायचा, आणि सांगणाऱ्याने 'बरोबर' म्हटल्यावरच तो पोहोचला असे धरायचे.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला हा विषय विशेष निकडीचा वाटतो. मुलांची मात्रा वजनावर ठरते. आठ किलोच्या बाळाला दर किलोस १५ मिलिग्रॅम याप्रमाणे पॅरासिटामॉल १२० मिलिग्रॅम लागते. निरोपात केवळ 'पाच मिली द्या' असे गेले आणि छावणीतल्या बाटलीत पाच मिलीत २५० मिलिग्रॅम औषध असले, तर मात्रा दुप्पट होते. जलसंजीवनीच्या पुड्याही एक लिटरच्या व २०० मिलीच्या अशा दोन मापांत येतात. मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली, तर क्षार घातक प्रमाणात वाढतात. तेव्हा वजन, मिलिग्रॅम, औषधाची तीव्रता आणि पाण्याचे माप या चारही गोष्टी निरोपात आल्याच पाहिजेत. आपल्या शहरात परिचारिका तेलुगूत, कंपाउंडर दख्खनीत आणि डॉक्टर इंग्रजीत बोलतो. त्यामुळे निरोपाचा साचा सर्वांनी आधीच ठरवून घेणे अधिकच अगत्याचे आहे.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. वर्षातून एकदा अर्धा दिवस मोबाईल बंद ठेवून आपण सराव करावा. एकाने एका खोलीत रुग्णाची माहिती सांगावी, दुसऱ्याने दुसऱ्या खोलीत ती ऐकून लिहावी, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत. जुळणी न झालेला प्रत्येक आकडा आपल्याला काहीतरी शिकवील. या सरावात परिचारिका, औषधविक्रेते व रुग्णवाहिकेचे चालक यांनाही बरोबर घ्यावे, कारण प्रत्यक्षात निरोप त्यांच्याच हाती पडतो. आपल्यापैकी दोघाचौघांनी हौशी रेडिओचा परवाना मिळविला, तर फारच उत्तम.

१९०८ सालच्या सप्टेंबरात मुसी नदीने या शहरात हजारोंचे प्राण घेतले. ऑक्टोबर २०२० मध्येही येथील अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. संकट पुन्हा कधी येईल, हे आपल्या हाती नाही. मात्र त्या दिवशी दूरच्या छावणीतील बाळाला योग्य मात्राच मिळावी, याची तयारी आजपासून करता येते. आपल्या मंडळाने येत्या वर्षाच्या कार्यक्रमांत या सरावासाठी एक रविवार राखून ठेवावा, अशी माझी सर्व सदस्यांना नम्र विनंती आहे.