झडप आणि तिच्या आधीचा वेळ

शिकारी पक्षी शिकार करताना दिसावा असे वाटत असेल, तर आधी बुलबुल आणि खारींकडे लक्ष द्यायला शिकावे. झडप दोन-तीन सेकंदांत संपते. तिची वर्दी मात्र आधी मिळते. आवारातल्या आंब्यावर खार एका जागी थिजून, शेपटी उडवत एकसारखी चिरचिरू लागते, बुलबुल कर्कश ओरडत झुडपात शिरतात, चिमण्यांची कलकल एकदम बंद पडते. अशा वेळी शेंड्याकडे पाहण्यापेक्षा खोडालगतच्या, पानांनी अर्धवट झाकलेल्या फांद्या न्याहाळाव्यात. तिथे कबुतराएवढा, पाठ राखी आणि छातीवर तांबूस आडव्या रेघा असलेला पक्षी ताठ बसलेला आढळतो. तो शिक्रा.

घराजवळची शिकार पाहायला शिक्र्याइतका सोयीचा पक्षी नाही. त्याचे पंख आखूड आणि गोलसर, शेपटी लांब. ही शरीररचना लांब पल्ल्याच्या पाठलागासाठी नाही. फांद्यांमधून वळसे घेत थोडे अंतर झपाट्याने कापण्यासाठी आहे. शेपटी सुकाणूचे काम करते. पहिल्या झेपेत सावज सुटले, तर शिक्रा बहुधा नाद सोडतो आणि दुसरी फांदी गाठतो. सरडे, पाली, मोठे किडे, पिल्ले, लहान पक्षी, कधी खारसुद्धा त्याला चालते. पावशा दिसायला शिक्र्यासारखाच, उडण्याची ढबही तीच. त्यामुळे तो आला तरी लहान पक्ष्यांची तारांबळ उडते आणि पाहणारेही फसतात. चोच पाहिली की उलगडा होतो: शिक्र्याची आकड्यासारखी वाकलेली, पावशाची नाही.

झाडी संपून शेते आणि माळ सुरू झाले की शिकारीची रीतच बदलते. दबा धरायला आडोसा नसतो. विजेच्या तारेवर कापशी बसते: पांढरीशुभ्र, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल. मध्येच ती उडते, गवतावर एका जागी पंख फडफडवत थांबते, पाय खाली सोडून टप्प्याटप्प्याने उतरते आणि उंदीर किंवा नाकतोडा उचलते. खरुची म्हणजे केस्ट्रलही असेच करते. दुर्बिणीतून पाहिले तर एक गोष्ट थक्क करते. वाऱ्याने पंख आणि शेपटी सतत हलत असतात, पण डोके जणू खिळा ठोकून बसवल्यासारखे स्थिर असते. डोके हलले तर गवतातली बारीक हालचाल टिपताच येणार नाही. अशा तरंगण्याला दम फार लागतो, म्हणून जमेल तेव्हा हे पक्षी तारेवरून किंवा खांबावरूनच टेहळणी करतात.

खरुचीविषयी एक गोष्ट वारंवार सांगितली जाते, की तिला उंदरांच्या मुताच्या रेषा अतिनील प्रकाशात चमकताना दिसतात. 1995 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या फिनलंडमधल्या एका प्रयोगाचा हा आधार. कल्पना मोहक असल्याने ती पुस्तकांतून आणि माहितीपटांतून पसरली. पण 2013 मध्ये शिकारी पक्ष्यांच्या डोळ्यांची प्रत्यक्ष तपासणी झाली, तेव्हा डोळ्याची भिंगे बराचसा अतिनील प्रकाश आतच येऊ देत नाहीत असे आढळले. म्हणून ती गोष्ट आता तरी ‘म्हणे’ लावूनच सांगावी.

वेगाच्या शिकारीत मुकुटमणी बहिरी ससाणा. त्याचाच आपल्याकडचा रहिवासी भाऊबंद शाहीन सह्याद्रीच्या कड्यांवर घरटे करतो. हिवाळ्यात मुंबईसारख्या शहरातल्या उंच इमारतींवरही बहिरी येऊन बसतो. त्याच्या दृष्टीने इमारत म्हणजे कडाच, आणि कबुतरांचा साठा आपण पोसून ठेवलेला. उंचावरून पंख मिटून तो सुटतो, तेव्हा वेग ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो. मात्र तो नेहमी सरळ रेषेत येत नाही. त्याच्या डोळ्यांची सर्वांत तीक्ष्ण नजर समोर नसून कडेला, सुमारे 45 अंशांवर असते. दूरच्या सावजाकडे नीट पाहायचे तर डोके वळवावे लागेल. पण त्या वेगात डोके वळवले तर हवेचा अडथळा वाढून वेग मारला जाईल. व्हॅन्स टकर या अमेरिकी संशोधकाने 2000 साली याचे उत्तर दाखवले. डोके सरळ ठेवून, सावज एकाच कोनात राहील असा वक्र मार्ग ससाणा धरतो. वाट लांबते, वेळ मात्र वाचतो. पुढे 2017 मध्ये ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी ससाण्यांवर छोटे कॅमेरे आणि जीपीएस बसवून शेवटच्या टप्प्यातला मार्ग मोजला. लक्ष्याकडे जाणारे क्षेपणास्त्र ज्या नियमाने दिशा बदलते, तशाच नियमाने ससाणाही वळतो असे त्यांना दिसले.

रात्री हे सगळे गणित कानांवर येते. गव्हाणी घुबडाचा बदामी आकाराचा पांढरा चेहरा हा आवाज गोळा करणारा पसरट भोपूच आहे. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर असतो. त्यामुळे आवाज डावी-उजवीकडून कुठून आला याबरोबरच वरून आला की खालून, हेही कळते. रॉजर पेन यांनी पूर्ण अंधाऱ्या खोलीत वाळलेली पाने पसरून प्रयोग केले. घुबडाने उंदीर तर पकडलाच, पण दोरीने पानांतून ओढलेल्या कागदाच्या बोळ्यावरही झेप घातली. वास किंवा ऊब यांचा संबंध नव्हता. फक्त सळसळ पुरली. पंखांच्या कडेची मऊ झालर त्याच्या उडण्याचा आवाज दाबते, म्हणून उंदराला चाहूल लागत नाही. अशा या पक्ष्याला अशुभ म्हणून माळ्यावरून हुसकायचे आणि लक्ष्मीचे वाहन म्हणून चित्रात पुजायचे, हा व्यवहार आपल्यालाच जमतो. देशाच्या काही भागांत तर मांत्रिकांच्या नादाने घुबडांचे बळी दिले जातात.

इतकी आयुधे असूनही शिकारी पक्ष्यांचे बहुतेक हल्ले फसतात. मग त्यांचे पोट भरते कसे? काटकसरीने. प्रत्येक झेप खर्चाची, म्हणून ते सोपे सावज निवडतात: कळपातून फुटलेले, नवखे, जखमी, मंद. घारीने तर ही काटकसर टोकाला नेली आहे. मासळीबाजार, कत्तलखाना, कचऱ्याचे डोंगर इथे तिला झडप घालावी लागते ती बहुधा मेलेल्या मांसावर. दिल्लीत घारी दाट वस्तीने राहतात, त्यामागे लोक त्यांना मुद्दाम मांसाचे तुकडे फेकतात हे एक कारण असल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

सोपे सावज निवडण्याची हीच सवय आता घराजवळच्या शिकाऱ्यांच्या जिवावर उठते. उंदरांसाठी आपण ज्या विषारी वड्या ठेवतो, त्यांतल्या अनेकांत ब्रोमॅडिओलोनसारखे रक्त गोठू न देणारे विष असते. उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस जातात. त्या काळात तो सुस्तावतो, लटपटतो, कधी दिवसाढवळ्या उघड्यावर येतो. शिक्र्याला, कापशीला, घुबडाला याहून आयते सावज कोणते? एक उंदीर खाऊन पक्षी मरेलच असे नाही, पण हे विष यकृतात साठून राहते आणि दर उंदरागणिक वाढत जाते. शेवटी साध्या जखमेतूनही रक्त थांबत नाही. गिधाडांचे असेच झाले होते, औषध वेगळे होते इतकेच. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या ढोरांतून गिधाडांच्या मूत्रपिंडांपर्यंत पोचले. 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर बहुतेक गिधाडे संपली होती. उंदीरविषाला निदान घरगुती पर्याय तरी आहे: पिंजरा, झाकलेले धान्य आणि रोज उचललेला कचरा. इस्रायलमध्ये 1980च्या दशकापासून शेतांत गव्हाणी घुबडांसाठी पेट्या लावून विषाचा वापर कमी करण्याचे काम चालू आहे.

ज्यांना रात्री जागून शिकार पाहणे शक्य नाही, त्यांच्यासाठी घुबड पुरावा ठेवून जाते. माळ्याखाली किंवा पडक्या वाड्याच्या भिंतीशी बोटभर लांबीच्या, काळपट गोळ्या पडलेल्या दिसतात. ती विष्ठा नव्हे. न पचलेले केस आणि हाडे घुबड तोंडावाटे टाकते. हातमोजे घालून, तोंडावर फडके बांधून गोळी कोमट पाण्यात भिजवावी आणि चिमट्याने सोडवावी. पुढचे दात पिवळट-नारिंगी असले तर कवटी उंदराची, बारीक टोकदार पांढरे दात असले तर चिचुंद्रीची. कवट्या मोजल्या की एका रात्रीचा हिशेब लागतो. दर आठवड्याला तारीख लिहून हे टिपून ठेवावे. आणि गोळ्या अचानक मिळेनाशा झाल्या, तर त्या महिन्यात आसपासच्या गोदामांत वड्या कुणी ठेवल्या होत्या का, याची चौकशी करून तीही त्याच वहीत लिहावी.