अडखळणाऱ्या घोषाची लय

गणेशोत्सवाच्या दिवसांत मंडपांतील ध्वनिवर्धकांवरून ऐकू येणारा एक चमत्कारिक घोष आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. गजाननाचा जयजयकार सुरू होतो, परंतु तो पुरा होत नाही. ‘बा-बा-बा-बा’ असे एकच अक्षर यंत्र पुन्हापुन्हा उच्चारू लागते, त्याची गती दुप्पट होते, चौपट होते, आणि अखेर ढोलाच्या एका जबर आघातासरशी ‘बाप्पा मोरया’ हे शब्द एकदम बाहेर पडतात. समोरची तरुण मंडळी त्या क्षणी उसळतात. मागे खुर्च्यांवर बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या चढतात. देवाच्या नावाचे असे तुकडे कशासाठी, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. मात्र हा अडखळ घडवतात कसा, आणि मानवी वाणीवर तो प्रथम कोणी, कोणत्या प्रसंगी घडवला, हे पाहिल्यावाचून त्याची पारख करणे आम्हांला उचित वाटत नाही.

कृती वरकरणी सोपी आहे. मुद्रित ध्वनीतून एक लहानसा तुकडा कापायचा आणि तो लयीला धरून एकापुढे एक जोडत जायचा. सारा हिशेब मात्रेचा. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. तिचे चार भाग केले म्हणजे प्रत्येक तुकडा १२५ मिलिसेकंदांचा, आणि आठ केले म्हणजे साडेबासष्ट मिलिसेकंदांचा. आज हे काम संगणकाच्या पडद्यावर बोटाच्या इशाऱ्याने होते. चुंबकीय फितीच्या काळी ते ब्लेडने करावे लागे. सेकंदाला पंधरा इंच धावणाऱ्या फितीवर १२५ मिलिसेकंद म्हणजे दोन इंचांहून थोडी कमी फीत. तसे तुकडे मोजून, तिरके कापून, चिकटपट्टीने सांधायचे. तिरके अशासाठी, की त्यामुळे एक ध्वनी मावळत असता दुसरा उगवतो आणि सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येत नाही. संगणकावरही हीच दक्षता घ्यावी लागते. ध्वनिलहर जिथे शून्यरेषा ओलांडते तिथे काप द्यावा, आणि दोन्ही कडांना काही मिलिसेकंदांचा उतार द्यावा.

या हिशेबात एक मौज दडलेली आहे. साडेबासष्ट मिलिसेकंदांचा तुकडा सेकंदाला सोळा वेळा येतो. कान त्या आवृत्त्या अजून वेगळ्या ओळखतो. तुकडा पुन्हा अर्धा केला, की त्या बत्तीस होतात, आणि अक्षर विरघळून त्याची खर्जातील घुरघुर बनते. सेकंदाला वीस आवर्तनांच्या आसपास कुठेतरी लय संपते आणि स्वर सुरू होतो. लय आणि स्वर यांना आपण संगीताचे दोन वेगळे घटक मानत आलो. इथे ते एकाच जिन्याच्या खालच्या-वरच्या पायऱ्या असल्याचे कानांनीच कळते.

मात्रेची गणिते यंत्रही करते. काप कुठे द्यावा, हे मात्र भाषा जाणणाऱ्यालाच कळते. ‘बाप्पा’ हाच शब्द घ्या. त्यातील जोड ‘प्प’ उच्चारताना ओठ क्षणभर मिटतात, आणि त्या अवकाशात पूर्ण निःशब्दता असते. मग ओठ उघडतात आणि ‘पा’चा लहानसा स्फोट होतो. म्हणजे भाषेनेच तिथे कापासाठी जागा सोडलेली आहे, आणि कापानंतर येणारा स्फोट थापेचे काम करतो. ‘मोरया’तला ‘म’ तसा नाही. तो नाकातून हळूच निघतो; त्याचे बारीक तुकडे केले तर थाप न वाजता नुसते गुणगुणणे उरते. अनुभवी हात म्हणूनच अडखळासाठी क, ट, त, प अशी व्यंजने शोधतो आणि म, न, ल यांना वाहू देतो.

आता इतिहासाकडे वळू. पॅरिस येथे पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये तबकडीवर मिटलेली चाकोरी कोरून आगगाडीच्या आवाजासारखे ध्वनी पुन्हापुन्हा वाजवले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक फेरी पाऊण सेकंदाहून किंचित मोठी. तेवढाच ध्वनी तिथे कोंडला जाई. परंतु मानवी वाणीचे, तेही धर्मवाणीचे, असे आवर्तन ऐकायचे असेल तर अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी गेले पाहिजे. तेथील युनियन स्क्वेअर या चौकात १९६४ साली एक तरुण कृष्णवर्णीय ख्रिस्ती प्रवचनकार नोहाच्या जलप्रलयाची कथा सांगत होता. मनू आणि मत्स्य यांची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकांस तो प्रसंग परका वाटू नये. स्टीव्ह राइक या तरुण संगीतकाराने ते प्रवचन ध्वनिमुद्रित केले. शब्दांबरोबर चौकातील पारव्यांच्या पंखांची फडफडही फितीवर उतरली आणि पुढे तिनेच तालवाद्याची जागा घेतली.

पाऊस येणार, एवढ्याच अर्थाचे दोन-तीन शब्द राइक यांनी निवडले आणि त्यांची दोन सारखी वर्तुळाकार वेटोळी करून ती दोन यंत्रांवर लावली. एक वेटोळे दुसऱ्याच्या अर्ध्या वाक्याने मागे ठेवून शब्दांची पुनरुक्ती साधावी, असा त्यांचा मूळ बेत. यंत्रे साधी होती. त्यांची गती तंतोतंत जुळेना. एक आवाज केसभर पुढे सरकू लागला, आधी एकाच गळ्याला घुमारा आल्यासारखे झाले, मग अक्षरे अडखळली, मग एक प्रवचनकार दुसऱ्याच्या मागोमाग बोलू लागला. हा दोष दुरुस्त न करता राइक यांनी तोच रचनेचा पाया केला. ‘इट्स गॉना रेन’ ही १९६५ सालची कृती अशी जन्मली. तिच्या उत्तरार्धात आवाजांची गुंतागुंत इतकी वाढते की शब्द बुडून जातात. प्रलयाच्या कथेला याहून समर्पक शेवट सुचवणे कठीण आहे.

पुढच्याच वर्षी त्यांनी हाती घेतलेले काम अधिक जोखमीचे होते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील सहा कृष्णवर्णीय तरुणांवर खुनाचा खटला चालला होता, आणि फेरतपासणीसाठी निधी जमवण्याकरिता एप्रिल १९६६ मध्ये टाऊन हॉल येथे कार्यक्रम व्हायचा होता. त्यांपैकी डॅनियल हॅम या कोवळ्या मुलाने पोलिसांच्या मारहाणीची हकीकत फितीवर सांगितली होती. रक्त वाहताना दिसल्याखेरीज रुग्णालयात नेत नसत, म्हणून त्याने आपल्या अंगावरचा मुका मार दाबून त्यातून रक्त काढले. त्या वाक्यातले शेवटचे पाच शब्द घेऊन राइक यांनी तेरा मिनिटांची ‘कम आउट’ ही कृती बांधली. आवाज दोनाचे चार होतात, चारांचे आठ, आणि सरतेशेवटी व्यंजनांचा नुसता सळसळाट उरतो.

एका जखमी मुलाच्या साक्षीचे असे तालात रूपांतर करावे काय? आमच्या मते या कृतीचे समर्थन तिच्या प्रारंभात आहे. तिथे हॅमचे वाक्य तीन वेळा, अखंड, कोणतीही मोडतोड न करता ऐकवले जाते. त्यामुळे पुढे शब्द फुटत गेले तरी ते कोणाचे आणि कशाविषयीचे, हे श्रोता विसरू शकत नाही. कळणे थांबते तेव्हा त्याला ते टोचते. तो प्रारंभ वगळला असता तर उरली असती ती निव्वळ कारागिरी. खटल्यातील शिक्षा १९६८ मध्ये वरच्या न्यायालयाने रद्द ठरवल्या, पण ती न्यायालयाची गोष्ट. तिचे श्रेय संगीताला देण्याची घाई आम्ही करणार नाही.

१९८५ मध्ये पॉल हार्डकॅसल यांच्या ‘१९’ या गीताने व्हिएतनाममधील सैनिकांचे वय सांगणारा आकडाच अडखळवला आणि ही युक्ती नृत्यगृहांत पोहोचली; तिथून ती आपल्या मंडपात आली यात नवल नाही.

कोणी म्हणेल, नामजपातही एकच नाम फिरून फिरून येते, मग यंत्रालाच दोष का? भेद असा की माळेच्या १०८ मण्यांबरोबर उच्चारलेले नाम दर वेळी नव्या श्वासाचे असते. कुठे स्वर चढतो, कुठे जीभ थकते. यंत्र तोच एक श्वास परत आणते. परंतु त्यातूनही एक लाभ होतो. डायना डॉइच या मानसशास्त्रज्ञ बाई १९९५ मध्ये स्वतःचेच मुद्रित निवेदन संपादित करीत असता, त्यातील फिरत राहिलेला एक तुकडा त्यांना अचानक गायल्यासारखा ऐकू आला. तुकडा हुबेहूब तोच राहिला तर बोलण्याचे गाणे होते, आणि अक्षरांचा क्रम बदलला तर होत नाही, असे पुढे प्रयोगांत दिसले. घोष देणाऱ्याच्या आवाजात जी चाल आधीच असते, ती अडखळामुळे उघडी पडते. म्हणून गोंगाटातून उचललेल्या बेसूर तुकड्यापेक्षा एखाद्या मुलाचा स्वच्छ, मोकळा आवाज घेतलेला बरा.

आपल्या तबलजींना तर हे शास्त्र नवे नाही. तिहाई म्हणजे तरी काय? एकच तुकडा तीन वेळा, आणि त्याचा अखेरचा बोल नेमका समेवर. मंडपातील बहुतेक ठेके आठ मात्रांच्या केरव्याच्या जातीचे असतात. त्यात समेपासून ‘बा’, ‘प्पा’, ‘मो’ असा तीन मात्रांचा तुकडा लागोपाठ तीनदा ठेवला, तर नऊ मात्रा होतात आणि शेवटचा ‘मो’ पुढच्या समेवर पडतो. पहिल्या दोन वेळा ‘मो’ अर्ध्यावर तोडावा. तिथे स्वर चालू असल्याने कडेला उतार देणे विसरू नये. त्याआधी एकवार सबंध घोष अखंड ऐकवलेला असावा. तिसऱ्या वेळी ‘मोरया’ पूर्ण सोडावे, आणि ‘या’ लांबवून झाल्यावर घोष देणाऱ्याने घेतलेला श्वास मुद्रणात असेल तर तो कापू नये. पुढचा ढोल त्यानंतर येऊ द्यावा.