मागील चाकांचा कॅम्बर (उंची कमी केलेली मोटारगाडी)

मोटारगाडीकडे समोरून किंवा पाठीमागून पाहिले असता चाक आणि उभी रेषा यांमध्ये जो कोन दिसतो, त्यास कॅम्बर असे म्हणतात. चाकाचा माथा गाडीच्या आतल्या बाजूस कललेला असल्यास कॅम्बर ऋण, बाहेर कललेला असल्यास धन आणि चाक सरळ उभे असल्यास शून्य मानला जातो. रस्तेबांधणीतही हा शब्द रूढ आहे. तेथे पाणी निचरून जावे म्हणून रस्त्याला मध्यापासून कडेकडे दिलेला उतार असा त्याचा अर्थ होतो. हे दोन अर्थ भिन्न आहेत. मात्र चाकाचा कॅम्बर मोजताना रस्त्याचा कॅम्बर आड येतो, तो कसा हे पुढे सांगितले आहे.

स्पोर्ट्स कारची उंची आखूड स्प्रिंग बसवून कमी केली जाते. गॅरेजच्या भाषेत यास गाडी ‘लो’ करणे म्हणतात. त्यामुळे मागील चाकांचा ऋण कॅम्बर बहुधा वाढतो आणि टायरची आतली कड लवकर झिजते. ही कड उभ्या माणसाच्या नजरेस पडत नाही. बाहेरून नव्यासारखा दिसणारा टायर आतून तारा उघड्या पडेपर्यंत झिजलेला असू शकतो व भर वेगात फुटू शकतो. म्हणून हा विषय केवळ हौशी वाहनधारकांपुरता मर्यादित नाही.

ऋण कॅम्बरचे प्रयोजन

थोडा ऋण कॅम्बर कारखान्यातूनच दिलेला असतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील करंजी घाट किंवा संगमनेरजवळील चंदनापुरी घाट यांसारख्या वळणाच्या रस्त्यावर गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूस झुकते. तो भार बाहेरच्या चाकांवर येतो आणि त्यांचा माथा रस्त्याच्या तुलनेत बाहेर ढकलला जातो. मुळात आत कललेले चाक अशा वेळी सरळ उभे राहते व टायरचा पूर्ण पट्टा रस्त्यास टेकतो. नगर–पुणे मार्गावर सुप्याच्या आसपास असतो तशा सरळ रस्त्यावर मात्र या कलाचा लाभ नाही. तेथे तो टायरची फक्त आतली कड वापरतो. मल्टिलिंक रचनेच्या अनेक गाड्यांत मागील कॅम्बर ऋण अर्धा ते दीड अंश असतो. उंची कमी केल्यावर तो अडीच-तीन अंशांवर गेल्यास रोजच्या वापरासाठी तो अधिक समजावा.

कल का वाढतो

डबल विशबोन रचनेत चाक वरच्या व खालच्या अशा दोन भुजांनी (आर्म) धरलेले असते आणि वरची भुजा सामान्यतः आखूड असते. गाडीचा सांगाडा खाली आला की त्याच्या तुलनेत चाक वर सरकते. दोन्ही भुजांची टोके वर्तुळाकार मार्गाने फिरतात. आखूड भुजेचे वर्तुळ लहान असल्याने तिचे टोक अधिक लवकर आत ओढले जाते व त्यासोबत चाकाचा माथाही. बीएमडब्ल्यूच्या १९८० च्या दशकातील ई-३० मालिकेत सेमी-ट्रेलिंग आर्म ही तिरकी भुजा आहे. तीत कॅम्बरबरोबर टो, म्हणजे वरून पाहिले असता चाकाचा डावा-उजवा रोख, हाही बदलतो. याउलट मारुती स्विफ्ट किंवा फोक्सवॅगन पोलो यांच्या मागील टॉर्शन बीममध्ये दोन्ही चाके एकाच आडव्या तुळईस जोडलेली असल्याने उंची कमी करूनही कॅम्बर जवळजवळ तसाच राहतो. अशा गाडीत तो बिघडलेला आढळल्यास प्रथम वाकलेल्या बीमची किंवा बेअरिंगची शंका घ्यावी.

मोजमाप

व्हील अलाइनमेंटच्या यंत्रावर हा कोन थेट वाचता येतो. ते उपलब्ध नसल्यास गवंड्याच्या ओळंब्यानेही उपयुक्त अंदाज मिळतो. चाकाशेजारी ओळंबा सोडून रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून दोरीचे अंतर मोजावे. १६ इंची (सुमारे ४०६ मिलिमीटर) रिमवर १ अंशाचा कल सुमारे ७ मिलिमीटर फरक दाखवतो. फरक १८ मिलिमीटर भरल्यास कल अडीच अंशांचा आहे. त्रिकोणमिती शिकणाऱ्या विद्यार्थ्यास स्पर्शज्या (टॅन) या गुणोत्तराचे याहून सुबोध उदाहरण क्वचित मिळेल. जमीन समतल हवी. रस्त्याच्या उतारावर उभ्या गाडीत तो उतार मोजमापात मिसळतो. शंका असल्यास त्याच जागी गाडी उलट तोंडाने उभी करून पुन्हा मोजावे व सरासरी घ्यावी. टायरमधील हवा त्याआधी योग्य दाबावर आणावी.

दुरुस्ती

प्रथम भुजांचे रबरी बुश तपासावेत. ते सैल झाले असल्यास केलेली जुळणी टिकत नाही. त्यानंतर गाडीत मुळातच सोय आहे का ते पाहावे. पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-५ मध्ये (१९८९) खालच्या भुजेच्या आतल्या टोकास उत्केंद्री बोल्ट आहेत. ते फिरवल्यास भुजेचे टोक आत-बाहेर सरकते. ही सोय पुरेशी नसल्यास लांबी बदलता येणारी वरची भुजा बसवतात. ऋण कॅम्बर कमी करण्यासाठी वरची भुजा लांबवावी किंवा खालची आखूड करावी लागते. खालची लांबवल्यास उलट परिणाम होतो. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, तिच्या नेहमीच्या उंचीवरच अंतिम आवळावेत. चाके अधांतरी असताना आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते.

कॅम्बर बदलला की टो बदलतो, म्हणून टोची जुळणी नंतर करावी. टायरच्या झिजेचा दोष सर्वस्वी कॅम्बरला देण्याचा प्रघात आहे, पण बिघडलेला टो बहुधा अधिक हानी करतो. चाकाचा रोख अर्धा अंश चुकलेला असल्यास ते तत्त्वतः दर किलोमीटरमागे सुमारे ९ मीटर आडवे फरफटते. कॅम्बरमुळे आतली कड गुळगुळीत झिजते. टोमुळे रबराच्या कडांना हाताला जाणवणारी करवती धार येते. दोन्ही मागील चाकांचा टो असमान राहिल्यास गाडी किंचित तिरकी धावते व स्टिअरिंग सरळ राहत नाही. म्हणून पुढील चाकांची जुळणी मागील चाकांनंतर करतात.

कायदा आणि वाहनचाचणी

अहिल्यानगर येथे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची (डीआरडीओ) वाहन संशोधन व विकास संस्था (व्हीआरडीई) असून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार नव्या वाहनांचे नमुने तपासणाऱ्या संस्थांत तिचा समावेश आहे. पुण्याची एआरएआय हीदेखील त्या यादीत आहे. ही चाचणी उत्पादकाने सादर केलेल्या नमुन्याची असते. मालकाने नंतर बसवलेल्या स्प्रिंगा वा भुजा तीत येत नाहीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मूळ उंचीच्या स्प्रिंग पुन्हा बसवल्यास, भुजा व बुश सुस्थितीत असतील तर, मागील कॅम्बर बहुतांशी आपोआप पूर्वस्थितीस येतो.