‘आपटेकर’ : एका आडनावाचा उगम व अर्थ

खांदेश्वर स्थानकानंतर हार्बर मार्गावरील अखेरचे स्थानक पनवेल. तेथून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, पाताळगंगेच्या काठी, आपटा हे गाव आहे. रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजात आढळणारे ‘आपटेकर’ हे आडनाव या ग्रामनामाशी जोडले जाते.

आडनावाची घडण पूर्णतः मराठी आहे. आकारान्त ग्रामनामास ‘कर’ हा प्रत्यय लागताना अन्त्य ‘आ’चा ‘ए’ होतो. रोहा–रोहेकर, गोवा–गोवेकर, त्याचप्रमाणे आपटा–आपटेकर. (सातारकर हा अपवादही ध्यानात ठेवावा.) हा ‘कर’ कुंभकार, सुवर्णकार यांतील व्यवसायदर्शक ‘कार’ नव्हे, ‘त्या गावचा’ एवढाच त्याचा अर्थ होय.

येथे एक बाब लक्षणीय ठरते. आपट्यातच राहणाऱ्यास ‘आपटेकर’ म्हणण्याचे प्रयोजन नसते, कारण तेथे सर्वच आपट्याचे. असे आडनाव खऱ्या अर्थाने कामास येते ते गाव सुटल्यावर. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल अठराव्या शतकात कंपनीच्या फौजेत व मुंबईत जाऊ लागले. 1796 मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर मराठीत समाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. बायबलमधील नाव, त्यास मराठी ‘जी’ आणि पुढे गाव, अशी ही त्रिविध घडण आहे. किहीमवरून किहीमकर, पेणवरून पेणकर, पनवेलवरून पनवेलकर अशी शंभराहून अधिक आडनावे या समाजात नोंदली गेली आहेत.

तथापि आडनाव गाव सांगते, धर्म सांगत नाही. दिवेकर ब्राह्मणही असतात. त्यामुळे केवळ आडनावावरून समाज ठरविणे धोक्याचे होय.

इटलीतील ज्यूंमध्येही हीच रीत दिसते. चित्रकार मोदिल्यानी यांचे आडनाव मोदिल्याना या गावावरून आले आहे. परंतु ‘आपटेकर’च्या बाबतीत पूर्व युरोपशी असलेले साम्य अधिक फसवे आहे. रशियन भाषेत ‘अप्तेकार’ म्हणजे औषधविक्रेता, आणि हा शब्द तेथील ज्यूंमध्ये आडनाव म्हणूनही रूढ आहे. त्याचे मूळ ‘कोठार’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात असून इटालियन ‘बोत्तेगा’ म्हणजे दुकान हाही त्याच कुळातला. 1948 नंतर बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य इस्राएलला गेले. तेथे ही दोन्ही आडनावे एकाच देशात आली, आणि स्वरचिन्हे बहुधा गाळणाऱ्या हिब्रू लेखनात त्यांची गल्लत सहज संभवते. पाताळगंगेकाठच्या घराण्यास एखाद्या युरोपीय औषधविक्रेत्याचा वंश चिकटविला जाऊ नये, यासाठी आडनावाबरोबर घराण्यात बोलली जाणारी भाषा आणि पूर्वजांची नावे तपासणे आवश्यक आहे. आजोबा ‘हसाजी’ वा ‘मुसाजी’ असतील, तर तो आपटेकर आपट्याचाच.